दीडचा हादरा

किरुनाबाहेर रॉकेटतळावर आज उणे चौतीस.
नाकातले केस काचेसारखे मोडतात.
मी दर वीस मिनिटांनी स्नोस्कूटर चालू करून ठेवते,
नाहीतर तीही रुसेल.

वीबके म्हणते, उणे चौतीस म्हणजे वणवा.
ब्रेमेनहून आलीय ती, सोबत लाखभर अणू रुबिडियमचे,
आणि त्यांना लागते ती थंडी
कुठल्याच आभाळातून पडत नाही.
हातानं करावी लागते.

बर्फात ठेवता? मी विचारलं.
उजेडात, ती म्हणाली.
सहा बाजूंनी लेसर, धावणाऱ्याला समोरून अडवायचं,
इतकं, की त्याची धावच सरते.
मग कॉफीवर फुंकर घालावी तसे
सगळ्यांत उतावळे तेवढे उडवून द्यायचे.
उरतात त्यांना वेगळं ओळखता येत नाही.
सगळ्यांची मिळून एक लाट.

रेडिओवर आंदरस ऐकत होता.
असं पाहिलंय मी, म्हणाला,
हजार रेनडिअर, एकच वळण.

त्याच्या कुरणावर पडणार आहे हे सगळं,
म्हणून तो कळप पलीकडे हाकून
तीन दिवस झोपडीत बसलाय,
आणि वारा काही थांबत नाही.
उडाल्यावर वेळ किती लागतो तुमचा?
सहा मिनिटं, वीबके म्हणाली.
रेडिओवर बराच वेळ नुसती खरखर.

जमिनीवर ते अणू पडतात.
मोजून होण्याआधी तळ गाठतात.
वर सहा मिनिटं
पडणं असतं, तळ नसतो.

माझे आजोबा अंतर पोरोनकुसेमात मोजायचे:
रेनडिअर मुतायला न थांबता
जितकं चालेल तितकं.
वीबकेनं ते वहीत उतरवून घेतलं
आणि गंभीरपणे विचारलं, चूक किती?
रेनडिअर किती पाणी प्यालाय त्यावर, मी म्हटलं.
तेही तिनं लिहिलं.

उद्या म्हणे असेच अणू पृथ्वीभोवती फिरतील,
कुठे बर्फ घटला, कुठे विहिरी खोल गेल्या,
कुठे जमीन आतून पोकळ,
ओढीतल्या केसभर फरकावरून सांगतील.

पोकळ जमीन.
बाबा खाणीत होते. रोज रात्री दीड वाजता
आमच्या खाली सुरुंग उडायचा,
कपाटात कपबशा किणकिणायच्या.
आई झोपेतच म्हणायची, हं, दीड,
आणि कुशी बदलायची.
दोन मिनिटं उशीर झाला
तर उठून बसायची, बुटांकडे बघत.

मग गाव खचायला लागलं. आमचं घर लॉरीवर चढवून
तीन किलोमीटर पूर्वेला नेलं,
पडदे तसेच लावलेले.

चौथ्या दिवशी पहाटे वारा पडला.
गर्जना छातीतून गेली आणि मागे
इतकी शांतता, की कोणीतरी खोकलं ते
सगळ्यांनी वळून पाहिलं.
पडद्यावर एक करडा ठिपका.
मग ठिपक्यात पट्टे उमटले,
ओल्या केसांतून फणी फिरल्यासारखे.
वीबके काही बोलली नाही.
माझा हातमोजा तिनं धरला होता,
आत माझा हात नव्हता, ते तिला कळलंच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आंदरस आधीच उभा,
पॅराशूटची घडी घालून.
अर्ध्या तासापूर्वी याच डब्यात
आपण कल्पनाही करू शकत नाही अशी थंडी होती.
आता त्याचा धातू ऊन,
भोवती हातभर बर्फ वितळलेला,
खालचं शेवाळ उघडं पडलेलं.
एक मादी कळपातून सुटून आली
आणि तेवढंच खाऊन गेली.
अणू कुठे आहेत? आंदरसनं विचारलं.
भिंतीला चिकटले असतील कुठेतरी,
वीबके म्हणाली. आता साधेच.

रात्री आईकडे राहिले.
नव्या घरात हादरा पोचत नाही.
मेजावर पाण्याचा ग्लास ठेवून
मी पाण्याकडे बघत बसले. निश्चल.
बरोबर दीडला आई उठून बसली.
कसं कळतं तुला, मी विचारलं.
ती म्हणाली,
काही हललं नाही ना.